गाडी धुतल्यावर ब्लोअरने वाळवता का? फडकं खरंच सुटतं का?

निळाई
नमस्कार मंडळी. माझी गाडी गडद निळी आहे, तीन वर्षांची. पहिल्या दिवसापासून ती मी स्वतः धुते. दोन बादल्या, गाडीचा शॅम्पू, मऊ हातमोजा, सगळं अगदी मन लावून. परवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बॉनेट बघितलं आणि पोटात गोळा आला. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, गोल गोल चरे. मोबाईलचा टॉर्च लावला तर दारांवरही तेच.

गाड्यांच्या पॉलिशचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीला दाखवलं. ती म्हणाली, धुताना तू काळजी घेतेस, पण चरे बहुतेक पुसताना पडतात. कुठेतरी राहिलेला धुळीचा कण फडक्याखाली सापडतो आणि आपण तो गाडीभर फिरवतो. तिचा सल्ला, ब्लोअर वापर, हात लावूच नकोस.

घरात कॉम्प्युटरची धूळ उडवायला घेतलेला वायरचा छोटा ब्लोअर आहे. तो चालेल का? नुसत्या हवेने गाडी खरंच कोरडी होते का? गरम हवेने रंगाला काही होतं का? आणि जमिनीवरची धूळ उडून ओल्या गाडीवर बसली तर काय? फडकं पूर्ण सोडलेलं कोणी इथे असेल तर अनुभव जरूर लिहा.

तिसरागिअर
दोन वर्षं झाली ब्लोअर वापरतोय, आता त्याशिवाय गाडी धुववत नाही. पण "फडकं सोडलं" असं मी म्हणणार नाही.

माझा सगळ्यात मोठा त्रास आरशांचा होता. गाडी छान पुसून लख्ख करायची, गेटबाहेर काढायची, आणि पहिल्या वळणावर आरशाच्या पोटातून पाण्याची धार दारावर ओघळायची. परत येईपर्यंत तिथे पांढरा ओघळ वाळलेला असायचा. तीच गत दाराच्या हँडलची, डिकीवरच्या अक्षरांची, नंबरप्लेटच्या मागची, मागच्या दिव्यांच्या फटींची आणि चाकाच्या नटांची. या जागी फडकं पोचतच नाही. तिथे ब्लोअरला पर्याय नाही.

माझा क्रम असा: आधी टप, मग पुढची-मागची काच, मग बॉनेट, मग बाजू, बंपर आणि शेवटी चाकं. वरून खाली. उलटं केलंत तर टपाचं पाणी कोरड्या दारावर उतरतं आणि काम दुप्पट होतं. प्रत्येक आरशावर चारही बाजूंनी हवा मारायची, आरसा एकदा दुमडून आणि एकदा उघडून. संपलं असं वाटल्यावर पाच मिनिटं थांबून पुन्हा एक फेरी. त्या दुसऱ्या फेरीत किती पाणी निघतं ते बघाच.

छोटा ब्लोअर फटींसाठी उत्तम आहे. अख्ख्या टपाला मात्र तो पुरणार नाही.

साबणफेस
मी जरा वेगळं बोलतो. चरे फडक्यामुळे पडतात हे अर्धंच खरं. गाडी नीट धुतली गेली असेल तर पुसताना फडक्याखाली यायला कण असतो कुठे? पुसताना चरे पडत असतील तर मूळ धुण्यातच काहीतरी राहून जातंय.

निळाई, हे तपासा. हातमोजा लावायच्या आधी गाडीवर नुसतं पाणी मारून सुटी धूळ पूर्ण खाली काढता का? बादलीच्या तळाला वाळू अडकवणारी जाळी आहे का? चाकांचा मोजा आणि बॉडीचा मोजा वेगळा आहे का? दारांच्या खालच्या पट्ट्यात सगळ्यात जास्त चिखल असतो. तो भाग शेवटी धुता की मधेच?

आणि फडकं म्हणजे नक्की काय वापरता? जुना सुती टॉवेल असेल तर तो आजच बाजूला करा. जाड मायक्रोफायबरचा मोठा टॉवेल बॉनेटवर चादरीसारखा पसरायचा, वरून हलकेच थोपटायचं आणि उचलायचं. ओढायचं नाही, घासायचं नाही. मी सात वर्षं असंच करतोय आणि माझी गाडी काळी आहे. काळ्या गाडीवर काहीच लपत नाही.

चाकोरी
साबणफेस यांना +१. टॉवेलची शिवलेली पट्टी आणि कंपनीचं लेबल मात्र आधी कापून टाका. माझ्या बॉनेटवरचे दोन लांब चरे त्या लेबलाचे आहेत.

कोरडवाहू
वाचतोय. मूळ प्रश्नावर येतो, कारण "हवेने गाडी कोरडी होते का" याचं उत्तर गाडीच्या पृष्ठभागावर अवलंबून आहे.

ब्लोअरचं काम पाणी वाळवणं नाही, पाणी ढकलून गाडीवरून खाली पाडणं आहे. हा फरक लक्षात ठेवला की बाकीचं आपोआप उलगडतं. पाणी जागच्या जागी वाळलं तर त्यातले क्षार तिथेच राहतात. पाणी घरंगळत खाली गेलं तर क्षारही त्याच्याबरोबर जातात. म्हणून गरम हवेची गरजच नाही. उलट ती नको. आपल्याला हवा आहे तो हवेचा जोर. वेग दुप्पट झाला की थेंबावरचा दाब चौपट होतो. पण तोटीपासून लांब गेलं की हवेचा वेग झपाट्याने पडतो, म्हणून तोटी पत्र्यापासून साधारण वीतभर अंतरावर आणि तिरपी धरायची. सरळ नव्वद अंशात मारली तर थेंब फुटून चहूकडे उडतात, सरकत नाहीत.

मोठा थेंब सहज पळतो. बारीक थेंब चिकटून बसतो, कितीही हवा मारा. कारण पृष्ठभागाला अगदी लागून हवेचा वेग जवळजवळ शून्य असतो, आणि बारीक थेंब त्या संथ थरातच बुडून बसलेला असतो. शिवाय थेंब जितका लहान, तितकी त्याच्या आकाराच्या मानाने चिकटण्याची ताकद जास्त.

आता पृष्ठभाग. वॅक्स किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर पाणी पसरत नाही, गोल मोत्यासारखं उभं राहतं. अशा थेंबाला हवा लागली की तो वाटेतल्या बारीक थेंबांना गिळत खाली जातो. कोटिंग नसलेल्या, रापलेल्या रंगावर पाणी पातळ पापुद्र्यासारखं पसरतं. तिथे ब्लोअर मारून मारून हात दुखतो आणि पाणी फक्त इकडचं तिकडे होतं. निळाई, गाडीवर वॅक्स शेवटचं कधी लावलं होतं?

अवांतर: ते चरे गोल नसतात. ते सगळ्या दिशांनी पडलेले सरळ चरे असतात. दिव्याभोवती जे बरोबर आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. टॉर्च सरकवून बघा, वर्तुळंही बरोबर सरकतील.

निळाई
टॉर्च सरकवला. वर्तुळं खरंच बरोबर सरकली! हे मला कधीच कोणी सांगितलं नव्हतं.

साबणफेस, प्रामाणिकपणे सांगते, पुसायला जाड सुती टॉवेल वापरत होते. मऊ लागतो म्हणून. बादलीला जाळीही नाही. आणि कोरडवाहू, वॅक्स लावून वर्ष उलटून गेलं असावं. पाणी मोत्यासारखं उभं राहत नाही, पसरतं.

अजून एक. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. छोट्या ब्लोअरने आज नुसतं बॉनेट करून बघितलं. दहा मिनिटं लागली, आणि बारीक थेंब राहिले तिथे पांढरे ठिपके उमटले. काळजी करण्यासारखं आहे का?

रसायनप्रेमी
ठिपके आजचे असतील तर काळजी नको, पण तसेच ठेवू नका.

बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी उडून जाताना कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि मागे कॅल्शियम कार्बोनेट उरतं. ते पाण्यात पुन्हा जवळजवळ विरघळत नाही, म्हणून नुसत्या पाण्याने ठिपका जात नाही. अंदाजासाठी एक हिशोब: पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ६०० असेल तर एका लिटरमध्ये ६०० मिलिग्रॅम घन पदार्थ असतात. गाडीच्या अंगावर पाव लिटर पाणी राहिलं आणि तिथेच वाळलं, तर १५० मिलिग्रॅम भुकटी तुम्ही रंगावर शिंपडलीत.

ताजा ठिपका नुसता वर बसलेला असतो. पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी एकत्र करून मायक्रोफायबर ओलं करा, ठिपक्यावर मिनिटभर नुसतं ठेवा, मग भरपूर पाण्याने धुवा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असतानाच. आम्ल कार्बोनेटला विरघळवतं, तेव्हा घासायची गरज पडत नाही. याने वॅक्स थोडं निघतं, म्हणून नंतर त्या जागी पुन्हा लावायचं. ठिपका महिनोन्महिने उन्हात राहिला तर तो रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये, खड्डा पाडतो. मग व्हिनेगर उपयोगाचं नाही, पॉलिशच करावं लागतं. आणि क्लिअर कोट असतोच किती? साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीहूनही कमी. दर पॉलिशला त्यातलाच थोडा जातो. म्हणून ठिपका पडूच न देणं चांगलं.

पिंपळपान
पाण्याचा थेंब उन्हात भिंगासारखा काम करतो आणि रंग जाळतो, असं ऐकलंय. म्हणूनच उन्हात धुवू नये ना?

कोरडवाहू
उन्हात धुवू नये हे बरोबर, कारण मात्र वेगळं. पत्र्यावर टेकलेल्या थेंबाचं भिंग प्रकाश एकवटतं ते पत्र्याच्या बरंच खाली, पत्र्यावर नाही. खरा गुन्हेगार उष्णता. तापलेल्या बॉनेटवर शॅम्पू आणि पाणी तुमचा हात पोचायच्या आधी वाळतं, आणि क्षारांचं कडं रंगावर शेकून बसतं.

शांतता_हवी
एक विनंती करतो. माझे शेजारी भल्या पहाटे ब्लोअर सुरू करतात. घरात लहान बाळ आहे, ते दचकून उठतं. कृपया वेळ बघून वापरा.

आणि स्वतःच्या कानांसाठीही. मी कारखान्यात सुरक्षा विभागात काम केलंय. ८५ डेसिबलला आठ तास ही कामाच्या जागेसाठी वापरली जाणारी मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एकच तास. मोठ्या ब्लोअरचा आवाज हातातल्या हातात ९० च्या पुढे सहज जातो. कानात फोमचे बोळे घाला, स्वस्त आणि सोपा उपाय आहे. डोळ्यांवर चष्माही हवा. फटीतून उडालेला खडा डोळ्यात गेल्याचं मी पाहिलंय.

तिसरागिअर
शांतता_हवी, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मी आता दुपारी चारनंतरच लावतो, गाडी सावलीत घेऊन. कानात बोळे घालायचं मात्र सुचलं नव्हतं, आजपासून घालेन.

विजेरी
वायरचा ब्लोअर वाचला आणि राहवलं नाही. ओली फरशी, ओले हात, अनवाणी पाय आणि वीज. या चार गोष्टी एकत्र येऊ देऊ नका.

नळ पूर्ण बंद करून पाइप गुंडाळल्यावरच ब्लोअर बाहेर आणा. ज्या सॉकेटवर लावता त्या लाइनवर ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळाली की लाइन तोडणारा स्विच) असायलाच हवं, आणि त्याचं टेस्ट बटण दाबून बघितलेलं असावं. एक्स्टेन्शनचा जोड जमिनीवर पडू देऊ नका, कुठेतरी उंचावर टांगा. एक्स्टेन्शन रिळाची असेल तर वायर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली वायर जोराच्या उपकरणाला लावली की तापते. पायात रबरी तळाच्या चपला.

बऱ्याच ब्लोअरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते. त्याचा अर्थ दुहेरी इन्सुलेशन. पाण्यात चालेल असा त्याचा अर्थ अजिबात नाही. हवा आत घेण्याची जाळी असते तिथे पाण्याचे तुषार गेले तर थेट मोटरवर जातात. आरशावर हवा मारली की ते पाणी उलट आपल्याच दिशेला येतं, म्हणून बाजूला उभं राहून मारा. मला विचाराल तर गाडीसाठी बॅटरीवरचाच घ्या.

थेंबथेंब
बॅटरीवरचा माझ्याकडे आहे. पूर्ण जोरात लावला तर एका चार्जमध्ये जेमतेम अख्खी गाडी होते, कधी मधेच दम तोडतो. म्हणून मी मोठे सपाट भाग टॉवेलने थोपटून घेते आणि बॅटरी फटींसाठी राखून ठेवते.

माझी मुलगी याला "गाडीचे केस वाळवणं" म्हणते. स्वतःचं डोकं पुसून देताना रडते, पण ब्लोअर हातात द्या, चारही चाकं मन लावून करते. चाकांचं खातं आता तिच्याकडेच आहे.

पिंपळपान
मग केस वाळवायचा ड्रायरच का नको? घरोघरी असतो.

कोरडवाहू
तो हवा थोडी देतो आणि उष्णता जास्त. म्हणजे नेमकं उलटं. थेंब जागीच वाळतो आणि ठिपका ठेवून जातो.

दुचाकीस्वार
चारचाकीवाल्यांनी ब्लोअरचं खरं सुख पाहिलेलंच नाही! मोटरसायकल पुसून बघा एकदा. इंजिनाच्या पंखांमध्ये, सीटखाली, स्विचच्या खाचांत, केबलच्या टोकांत, स्पोकमध्ये फडकं कुठे कुठे घालणार? ब्लोअरने पाच मिनिटांत मोकळं.

इंजिन पूर्ण थंड झाल्याशिवाय धुवू नका, नाहीतर पंखांवर डाग शेकतात. चाकाच्या बेअरिंगच्या सीलवर आणि स्टिअरिंगच्या मुळाशी हवेची तोटी रोखून धरू नका, पाणी बाहेर यायच्या ऐवजी आत ढकललं जातं. चेन हवेने कोरडी करा आणि लगेच वंगण द्या. ओल्या चेनवर वंगण मारलं की ते पाण्यावर तरंगतं आणि आत गंज धरतो.

वंगण
गॅरेजमध्ये हयात गेली, म्हणून चार गोष्टी.

कॉम्प्रेसर आणि ब्लोअर यांना एकाच मापाने मोजू नका. कॉम्प्रेसरची हवा ६ ते ८ बार दाबाची. टाकीत हवा दाबली की तिच्यातली वाफ पाणी होऊन तळाला साठते, आणि जुन्या कॉम्प्रेसरचं थोडं तेलही हवेबरोबर येतं. पाणी काढणारा फिल्टर लावलेला नसेल तर तुम्ही धुतलेल्या गाडीवर तेलकट पाणी फवारताय. ती तोटी अंगावर तर कधीच रोखायची नाही, मस्करीतही नाही. कातडीतून हवा आत शिरली तर जिवावर बेतू शकतं. ब्लोअरची हवा भरपूर पण बिनदाबाची. गाडीला तीच मानवते.

दुसरं, रंगाला जिथे टवका उडालाय, पोपडा सुटलाय किंवा रंगावर चिकटवलेल्या फिल्मची कड उचललेली आहे, तिथे हवा रोखून मारू नका. एका ग्राहकाची गाडी बाहेरून धुऊन आली होती, तिथे दाराच्या कडेवर जोरात हवा मारलेली. आधी तांदळाएवढा पोपडा होता, आला तेव्हा रुपयाएवढा झालेला.

तिसरं, ब्रेक. डिस्क बिडाची असते. ओली राहिली की तासाभरात तांबूस थर धरते. घाबरायचं कारण नाही, पण धुतली आणि हँडब्रेक ओढून चार दिवस उभी केली तर पॅड चिकटून बसतात. चाकांवर हवा मारा, मग थोडं अंतर चालवून हलके ब्रेक दाबत आणा आणि मगच लावा. ही फेरी ब्रेकसाठी आहे, गाडी वाळवायला नव्हे. रस्त्यावरची धूळ ओल्या अंगावर बसते.

चौथं गाडी धुण्याबाहेरचं आहे, तरी सांगतो. स्पार्क प्लग खोल खड्ड्यात असतात अशा इंजिनांत प्लग काढायच्या आधी त्या खड्ड्यात हवा मारा. साठलेलं पाणी, वाळू, कचरा सगळं बाहेर पडतं. न मारता प्लग उघडला तर ते थेट सिलिंडरमध्ये.

साबणफेस
वंगण काका, चौथा मुद्दा लाखमोलाचा.

आता कोरडवाहूंना जोड. ब्लोअर असो वा टॉवेल, हातात घ्यायच्या आधी गाडीवरचं निम्म्याहून जास्त पाणी फुकटात काढता येतं. शेवटच्या पाण्याला पाइपची पिस्तूल काढून टाका. उघड्या पाइपमधून पाण्याची संथ, जाड धार टपाच्या मधोमध सोडा आणि सावकाश खाली न्या. फवारा हजार थेंब मागे ठेवतो. संथ धारेचं पाणी एकसंध चादरीसारखं उतरतं आणि उतरताना मागचे थेंब ओढून नेतं. वॅक्स असेल तर टप डोळ्यांसमोर कोरडा होत जातो. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तीनदा पाणी सोडून बघितलं होतं, इतका आनंद झाला होता.

निळाई
पिस्तूल काढायची कल्पना उद्याच करून बघते.

रसायनप्रेमी, एक शंका. पाणी मऊ करायचं यंत्र बसवलं तर ठिपके बंद होतील का? आणि आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी मी साठवते, ते गाडीला वापरू का?

रसायनप्रेमी
मऊ करणारं यंत्र क्षार काढत नाही, बदलतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतं. टीडीएस जवळपास तेवढाच राहतो. ठिपके पडतील, पण ते सोडियमचे, ओल्या फडक्याने सहज जाणारे. ठिपका अजिबात नको असेल तर डीआयोनाइज्ड पाणी लागतं. पाणी रेझिनच्या बारीक मण्यांमधून जाताना त्यातले सगळे आयन, म्हणजे विरघळलेले क्षार, अडकतात आणि टीडीएस मीटरवर शून्याच्या आसपास आकडा येतो. या पाण्याने शेवटची धार दिली तर गाडी न पुसताही चालते. पण बोअरचं पाणी असेल तर रेझिन भराभर संपतं, म्हणून ते फक्त शेवटच्या धारेला वापरायचं.

आरओचं टाकाऊ पाणी म्हणजे जे क्षार तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढले ते ज्यात साठले ते पाणी. टीडीएस मूळ पाण्याहून जास्त. पहिली धूळ काढायला आणि चाकांना खुशाल वापरा, वाया घालवण्यापेक्षा उत्तमच. शेवटची धार मात्र त्याची नको.

मोकळीवाट
व्हॅक्यूम क्लीनरला मागे हवा सोडायचं तोंड असतं, मी तेच वापरतो. पाइप लावल्यावर आधी दोन मिनिटं दुसरीकडे तोंड करून चालवायचा. पाइपमध्ये अडकलेली वाळू पहिल्या झटक्यात बाहेर येते, आणि ती ओल्या रंगावर जायला नको. बागेतला पालापाचोळा उडवायचा ब्लोअर वापरणाऱ्यांनीही हेच करावं, आणि तो जमिनीजवळ धरू नये. खालची धूळ ओढून घेतो.

निळाईताईंनी धूळ उडण्याचं विचारलं होतं, त्यावर: गाडीभोवतीची जमीन आधी भिजवून घ्या. ओली धूळ उडत नाही. आणि चाकांच्या मागे हवा मारताना तोटी गाडीच्या बाहेरच्या दिशेला.

चाकोरी
मी मात्र ब्लोअर घेऊन विकला. टॉवेलने दहा मिनिटांत होणाऱ्या कामाला पंचवीस मिनिटं, वर आवाज. गाडीला कोटिंग नव्हतं, हे आता कोरडवाहूंचं वाचून कळतंय. तरी माझं मत कायम आहे. ज्याला रोज उठून गाडी चालवायची आहे त्याला चांगला टॉवेल पुरे.

थेंबथेंब
चाकोरी, आरशांचं काय करता मग?

चाकोरी
आरशाच्या फटीत टॉवेलचं टोक खोचून ठेवतो, बाकीची गाडी पुसून होईपर्यंत. निथळलेलं सगळं शोषून घेतं. बघा करून.

तिसरागिअर
ही युक्ती आवडली. बॅटरी संपेल त्या दिवशी कामाला येईल.

निळाई
दोन आठवड्यांनी परत आले. मध्ये मैत्रिणीने बॉनेट मशीनने हलकं पॉलिश करून दिलं आणि मी गाडीभर वॅक्स लावलं. काल धुतल्यावर बॉनेटच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावली आणि दोन भाग केले. पाणी तेच बोअरचं. शेवटची धार दोन्ही भागांवर उघड्या पाइपने.

उजवा भाग नुसत्या ब्लोअरने. मैत्रिणीचा मोठा ब्लोअर आणला होता. पाणी अक्षरशः पळत गेलं. दीड मिनिटात भाग कोरडा दिसायला लागला. पण पाच मिनिटांनी सावलीतून तिरपं बघितलं तर राईएवढ्या थेंबांचे फिकट ठिपके होते, मोजून अकरा.

डावा भाग आधी ब्लोअर, साधारण मिनिटभर, आणि लगेच नवा मायक्रोफायबर पसरून फक्त थोपटला. ठिपका एकही नाही. टॉवेल जेमतेम दमट झाला. पूर्वी एका गाडीला दोन टॉवेल पिळावे लागायचे.

चऱ्यांचं आत्ताच काही सांगता येणार नाही, महिने जावे लागतील. टॉर्च लावून दोन्ही भागांचे फोटो काढून ठेवलेत. माझ्यापुरतं ठरलं: बोअरचं पाणी आहे तोवर आधी हवा आणि शेवटचा हात टॉवेलचा. सुती टॉवेल आता फरशीला गेला. बादलीला जाळीही आली.

साबणफेस
अकरा ठिपके मोजलेत! असं करून बघणारं माणूस चर्चेला हवंच असतं. टॉवेल धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य टाकू नका, धाग्यांवर थर बसतो आणि पाणी शोषणं बंद होतं. इतर कपड्यांत मिसळू नका, सुती कपड्यांचे तंतू त्यात अडकतात.

कोरडवाहू
सुंदर. उजव्या बाजूचे अकराही बॉनेटच्या सपाट भागावर होते की उतारावर?

निळाई
सगळे सपाट भागावर, वायपरच्या जवळ. उतारावर एकही नव्हता.

कोरडवाहू
मग पुढच्या वेळी तिथूनच सुरू करा, वायपरकडून पुढच्या कडेकडे, आणि एकाच दिशेने. उलटसुलट फिरवलं की बारीक थेंब मागे राहतात.

तिसरागिअर
निळाई, इंधनाच्या टाकीचं झाकण उघडून बघितलंत का? ते सगळे विसरतात.

निळाई
आत्ता जाऊन उघडलं. काल दुपारी धुतलेली गाडी, आणि आत चमचाभर पाणी अजून तसंच होतं. ब्लोअर मैत्रिणीकडे परत गेलाय, म्हणून चाकोरींच्या पद्धतीने टॉवेलचं टोक खोचून आलेय.